दक्षिण साताऱ्याचा पत्ता

आमच्या घरी आजोबांचं १९५५ सालचं एक खरेदीखत आहे. त्यावर पत्ता आहे - ता. वाळवे, जि. दक्षिण सातारा. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिणेचं नाव सांगली झालं. गाव, ओढा, विहीर सगळं जागच्या जागी. फक्त त्या कागदावरचा पत्ता आता कुठेच पोचत नाही. दर वेळी समजावून सांगावं लागतं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझी स्वतःचीच एक चूक.

काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका ओळखीच्या छापखान्यासाठी मी मराठी फॉन्टचं एक छोटं पॅकेज बांधून दिलं होतं. लिनक्सवर फॉन्टची सेटिंग फाईल '/यूएसआर/शेअर' खाली कुठेतरी राहते आणि '/ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी' मध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी एक लिंक असते. मेकफाईलमध्ये मी ती 'एलएन -एस' ने केली. पॅकेज बांधताना सगळ्या फाईली आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडतात, त्याला डेस्टडिर म्हणतात. मी शहाण्याने लिंक कुठे ठेवायची तिथे डेस्टडिर लावला (ते बरोबर), आणि लिंकच्या आत जो पत्ता लिहायचा त्यालाही लावला! म्हणजे पॅकेज गेलं सांगलीला आणि आतल्या लिंकचं बोट पुण्यातल्या माझ्या होम फोल्डरकडे. माझ्या मशीनवर तो फोल्डर होताच, त्यामुळे सगळं छान चालत होतं. तिकडे एका शाळेच्या स्मरणिकेची प्रूफं भलत्याच फॉन्टमध्ये निघाली, पानं घसरली, अनुक्रमणिका चुकली. दोन रात्री पुन्हा जागून काम करावं लागलं, आणि ते मला नाही, त्यांना.

एलएन काहीच तक्रार करत नाही. समोर फाईल आहे की नाही ते बघतसुद्धा नाही. पूर्वी मला हा दोष वाटायचा. आता वाटतं, त्याचं बरोबरच आहे. पत्ता लिहिणाऱ्याच्या टेबलावर घर नसतंच ना! लिंक बनते एका जागी आणि वाचली जाते दुसऱ्या जागी, आणि तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्याच्या जागेवरून खरं असलं पाहिजे.

मग पूर्ण पत्ता द्यावा की "ओढा ओलांडून मारुतीच्या देवळामागे" असा सापेक्ष? डेबियनवाल्यांचा नियम मला पटतो. दोन्ही टोकं एकाच वरच्या डिरेक्टरीत असतील, म्हणजे दोन्ही '/यूएसआर' खाली, तर सापेक्ष. एक '/ईटीसी'त आणि दुसरं '/यूएसआर'मध्ये असेल तर पूर्ण. गावातल्या गावात ओढा-देऊळ पुरतं, जिल्ह्याचं नाव बदललं तरी फरक पडत नाही. मुंबईहून येणाऱ्याला मात्र ओढा सांगून काय उपयोग? सापेक्ष पत्त्यातले दोन-दोन टिंबांचे जिने हाताने मोजत बसू नका, हमखास एक चुकतो. जीएनयूच्या एलएनला २०१२ पासून '-आर' आहे, तो मोजून देतो. त्यात मात्र दोन्हीकडे डेस्टडिर लावायचा, कारण तिथे फक्त मधलं अंतर मोजलं जातं. (इतर युनिक्सवर '-आर' असेलच असं धरू नका.)

अजून एक खोडी. लिंक फोल्डरकडे जाणारी असेल आणि मेक इन्स्टॉल दुसऱ्यांदा चालवलं, तर 'एलएन -एसएफ' जुनी लिंक बदलत नाही, तिच्यातून आत शिरून त्या फोल्डरमध्ये नवी लिंक टाकून येतो. त्याला '-एन' लावायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एकात एक लिंका सापडल्यावर कळलं.

एक मित्र म्हणतो, कशाला हा घोळ, सरळ कॉपी करावी. मला नाही पटत. दोन प्रती झाल्या की एक सुधारते, दुसरी तशीच राहते, आणि खरी कोणती हे सहा महिन्यांनी कुणालाच माहीत नसतं. सातबाऱ्याच्या दोन नकला वेगवेगळ्या निघाल्या तर काय होतं ते गावाकडच्यांना विचारा.

असो. हल्ली पॅकेज पाठवण्याआधी मी आतली प्रत्येक लिंक 'एलएस -एल'ने उघडी करून तिच्यात माझ्या होमचं नाव शोधतो. छापखानेवाले काका अजून फोनवर पहिलं वाक्य तेच विचारतात, "या वेळी पत्ता सांगलीचाच आहे ना?"