फळीवरचा बोरघाट

बाजारातील तयार रूळ जोडून त्यांवर गाडी फिरविली, की शालेय प्रदर्शनातील रेल्वेची प्रतिकृती पूर्ण झाली, असे मानले जाते. आमचे मत निराळे आहे. १:८७ या प्रचलित प्रमाणातील तयार रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय मार्गाचे लघुरूप होय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागता तो १९.३ मिलिमीटर भरतो. परक्या मापावर आपली गाडी उभी केली, तर डबे खरे आणि पाया खोटा ठरतो. म्हणून हा भागाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा, पुठ्ठ्याचे डबे कापावेत, रुळांखालच्या पट्ट्या स्वहस्ते चिकटवाव्यात. बोरघाटाचा ३७ फुटांस एक फूट हा चढ १८५ सेंटिमीटरच्या फळीवर अवघा ५ सेंटिमीटर भरतो. परंतु १८६३ साली खुला झालेला तो घाट ज्यांनी सुरुंग लावून, पहारी मारून फोडला, ते मजूर प्रतिकृतीत सहसा नसतातच. या प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरांचाही होत नाही. त्याला जागा ती किती लागणार? इंजिनाचे कौतुक करून खडी वाहणाऱ्यास विसरणारा इतिहास आम्ही वर्गात शिकवीत नाही. तो फळीवरही मांडला जाऊ नये.