वळणावळणाची वाट, बेताची चाल

परदेशप्रवास ज्येष्ठांना झेपणार नाही, असे परस्पर ठरवण्यापेक्षा प्रवासाचा वेग कमी करावा. श्रीलंकेतील कँडी त्यासाठी सोयीचे आहे. मुक्काम तळ्याकाठी, शक्यतो तळमजल्यावर असावा. न्याहारीला कोकणातल्या शिरवाळ्यांची आठवण देणारी ‘इंदिआप्पा’ आणि नारळाच्या दुधातील सौम्य ‘किरी होदी’ घ्यावी. तिखट ‘पोल सांबोल’ चवीपुरतेच.

तेथून नुवारा एलिया सुमारे ७५ किलोमीटर, उंची १,८६८ मीटर. चहामळ्यांतील रस्ता वळणांचा. म्हणून पोट हलके ठेवावे, ज्येष्ठांना पुढे बसवावे. तासातासाने उतरून चार पावले चालल्यास पायांतील रक्ताभिसरण सुधारते. रंबोडा धबधब्यापाशी विसावा घ्यावा. औषधे व स्वेटर हाताशी असावेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाटेत कुठे थांबायचे, हे मात्र आईवडिलांनाच विचारावे.