सुटकेनंतरचा पहिला महिना

तुरुंगाचा विषय आपल्यात निघतो तो बहुतेक एकाच निमित्ताने. दहशतवादाच्या खटल्यातून कुणीतरी वर्षानुवर्षांनी निर्दोष सुटतो तेव्हा. २००६च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात पकडलेले तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मुंबई लोकल स्फोटखटल्यातल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले; त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. अशा दिवशी आपण संतापतो, पोस्ट लिहितो, वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मागतो. ते योग्यच आहे. पण तुरुंगात असलेली आपली बहुतेक मुले या खटल्यांतली नाहीत. ती मोबाइलचोरीत, मारामारीत, गांजाच्या पुडीत अडकलेली आहेत. कुणी गुन्हा केलेला आहे, कुणी केलेला नाही. ती सुटून येतात तेव्हा कुणी पोस्ट लिहीत नाही. उलट खिडकीचा पडदा ओढला जातो.

मला त्यांच्याबद्दल लिहायचे आहे. म्हणणे एवढेच, की पुनर्वसनाच्या आपल्याकडच्या चांगल्या योजना बहुतांशी शिक्षा झालेल्या, म्हणजे पक्क्या कैद्यांसाठी आहेत. आणि तुरुंगातले चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत. मधली ही मोकळी जागा मोहल्ल्यालाच भरावी लागेल.

आधी आकडे पाहू. एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी. क्षमतेएवढी माणसे केवळ निकालाची वाट पाहत बसलेली! सुमारे दोन-तृतीयांश कैद्यांचे शिक्षण दहावीपर्यंतही झालेले नाही. २०११च्या जनगणनेत मुसलमानांचे प्रमाण १४.२ टक्के होते. तुरुंगातले आपले प्रमाण वर्षानुवर्षे त्याहून जास्त राहिले आहे. हा प्रश्न आपला आहे, हे सांगायला आणखी पुरावा नको.

पुनर्वसन जमते की नाही, असे विचारणाऱ्यांना आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर दाखवावे. औंध संस्थानात १९३९ साली ही खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची होती. कैद्यांनी भिंतीविना राहायचे, शेती करायची, बायको-मुलांना सोबत आणायचे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावर बेतलेला आहे. वसाहत आजही चालू आहे. अलीकडचे उदाहरण येरवड्याचे. मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँक तिथल्या कैद्यांना ‘जिव्हाळा’ योजनेतून ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ लागली, तेही तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर. विश्वास टाकला तर माणूस उभा राहतो, हे महाराष्ट्राला ८५ वर्षांपासून ठाऊक आहे.

पण खुला तुरुंग पक्क्या कैद्यासाठी, जिव्हाळा कर्ज पक्क्या कैद्यासाठी, शिक्षेत मिळणारी माफीही त्याच्यासाठीच. त्याला निदान आपली तारीख ठाऊक असते. कच्च्या कैद्याला काहीच ठाऊक नसते. जामिनाचा आदेश पोहोचला की संध्याकाळी दार उघडते, आणि हातात एक पिशवी घेऊन तो रस्त्यावर उभा राहतो. कुणी तयारी करून घेतलेली नसते, कारण कायद्याच्या नजरेत तो अजून गुन्हेगारच नाही. निर्दोष मानले जाण्याची अशी शिक्षा!

बाहेर त्याचे पहिले भांडण मोबाइलशी होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे मला लगेच दिसते. सिम ९० दिवस वापरले नाही की बंद होऊ शकते आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. आधार त्या नंबरला जोडलेले, बँक त्या नंबरला जोडलेली. ओटीपी आता परक्याच्या फोनवर जाणार. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की बँक खाते निष्क्रिय ठरवते. मग नव्याने केवायसी, त्यासाठी पत्त्याचा पुरावा, आणि घरमालकाने तर खोली कधीच दुसऱ्याला दिलेली. आम्ही लोकांनी बांधलेल्या या सगळ्या व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरतात, की माणूस कधी गायब होत नाही. तो वर्षभर गायब झाला, की व्यवस्थेच्या लेखी तो उरतच नाही.

दुसरे भांडण नोकरीशी. गाडी चालवायची म्हटले, पहारेकरी व्हायचे म्हटले, तरी पोलिस पडताळणी आडवी येते. कोर्टाच्या नोंदी आता ऑनलाइन आहेत. नाव टाकले की खटला दिसतो. तो कसा संपला, हे बघण्याची तसदी फार थोडे मालक घेतात.

तिसरे भांडण तारखांशी. जामिनावर सुटलेल्याला दर तारखेला हजर राहावे लागते. त्या दिवसाचा रोज बुडतो. दोन तारखा चुकल्या की वॉरंट निघते, आणि माणूस पुन्हा आत. यात नवा गुन्हा काहीच नसतो. नुसती तारीख चुकलेली असते.

आणि जामीन मंजूर होऊनही जे आतच राहतात त्यांचे काय? मोती राम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. आजही जामीनदार नाही म्हणून माणसे आत आहेत. केंद्राच्या २०२३च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार आधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, की तो जामिनाला पात्र होतो. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक खटले चालू असलेले आरोपी यातून वगळलेले आहेत. कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१००. हे तुमच्या गल्लीत किती जणांना माहीत आहे, एकदा विचारून बघा.

आता आक्षेप. ‘ज्याने खरोखर चोरी केली, पुड्या विकल्या, त्यालाही आपण सांभाळायचे का?’ होय. शिक्षा देणे कोर्टाचे काम आहे. ते संपल्यावर मोहल्ल्याने दुसरी, मुदत नसलेली शिक्षा सुरू करू नये. खोली नाही, काम नाही, नाव घ्यायला कुणी तयार नाही, अशा मुलाला जवळ करायला जुनी टोळी टपलेलीच असते. मात्र एक गोष्ट पक्की असावी. बायकोला मारल्याबद्दल आत गेलेल्याचे पुनर्वसन म्हणजे त्याला तिच्या दारात नेऊन सोडणे नव्हे. तिथे आधी तिची इच्छा, तिची सुरक्षितता.

सूरह यूसुफमधली एक बाब मला नेहमी अस्वस्थ करते. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला म्हणतात, तुझ्या मालकापाशी माझी आठवण काढ. तो बाहेर जातो आणि विसरतो. निर्दोष माणूस आणखी काही वर्षे आतच राहतो, कारण बाहेरच्याला आठवण राहिली नाही. आपण आज त्या सोबत्याच्या जागी आहोत.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात पाच-सहा जणांचा गट हवा. मशिदीची कमिटी, एखादी तरुण वकील, एखादा छोटा कारखानदार. त्यांची कामे ठरलेली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क ठेवणे. जामीनदार व्हायला तयार असलेल्यांची यादी करणे आणि पैसे जप्त होण्याचा धोका त्यांना आधीच स्पष्ट सांगणे. घरचा माणूस आत असेपर्यंत त्याचे सिम रिचार्ज करून चालू ठेवणे. वर्षाला थोडेच पैसे लागतात. सुटल्यावर ई-कोर्ट्स ॲपमध्ये त्याचा सीएनआर नंबर टाकून तारखेच्या आदल्या दिवशी आठवण करणे. भिवंडीचे लूम, कुर्ल्याची गॅरेजे, बेकऱ्या, एसी दुरुस्तीची दुकाने आपल्याच लोकांची आहेत; त्यांनी महिन्याला एक जागा अशा मुलासाठी ठेवणे. जकातीच्या आठ खात्यांत माना सोडवण्याचे आणि कर्जदारांचे खाते आहे. जामिनाचा खर्च त्यात बसतो का, ते आपल्या आलिमांना विचारा. सदक्याला तर ही अडचणही नाही.

या रमजानमध्ये इफ्तारच्या एका कार्यक्रमाचा खर्च अशा गटाकडे वळवून पाहा. पहिल्या वर्षी तीन मुले पहिला महिना सावरली, तरी सुरुवात झाली म्हणायची.