आभाळ फिरले की हात थांबवा



गेल्या एप्रिलमध्ये आम्ही कोपरगाव तालुक्यात मावशीकडे गेलो होतो. कांद्याची काढणी जोरात होती आणि पासष्टी उलटलेली मावशी अजून रोजाने कामाला जाते. तिला आणायला आम्ही शेतावर पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. पश्चिमेकडून काळे ढग चढत होते. दिवसभराचा उकाडा एकाएकी मोडला आणि गार वारा अंगावर आला. मावशीने विळा खाली ठेवला. "चला गं बायांनो, आभाळ फिरलं," म्हणून ती पदर खोचून वस्तीवरच्या पक्क्या घराकडे निघाली. चारजणी तिच्यामागे गेल्या. मुकादम ओरडला, "एवढा वाफा उरकल्याशिवाय निघालात तर अर्धी हजेरी लावीन!" बाकीच्या बायका खाली मान घालून कांदा कापत राहिल्या.

आणि झाले काय? ढग तसेच पुढे सरकले. चार थेंब पडले, लांबवर गडगडले आणि पुन्हा ऊन पडले. मुकादम हसला. मावशीची अर्धी हजेरी मात्र खरोखरच कापली गेली. रात्री चुलीपुढे बसून ती आम्हाला म्हणाली, "तू बी.कॉम. शिकलेला. सांग, माझं चुकलं का?"

या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला एका फुग्याची आठवण झाली. कोपरगावला लागूनच नाशिक जिल्ह्यातला सिन्नर तालुका आहे. त्यातल्या पंचाळे गावाच्या शिवारात २६ नोव्हेंबर २००५ रोजी एक प्रचंड फुगा आभाळातून उतरला. २६ नोव्हेंबर ही तारीख आपल्या घरात संविधानामुळे लहान पोरालाही पाठ असते. त्या दिवशी सकाळी ६७ वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून उडाले. बंद केबिनमध्ये बसून ते २१,०२७ मीटर, म्हणजे एकवीस किलोमीटर उंच गेले. तो जागतिक विक्रम ठरला. वाऱ्याने त्यांना मुंबईहून थेट आमच्या शेजारच्या तालुक्यात आणून सोडले.

या फुग्याचे शास्त्र सोपे आहे. गरम हवा हलकी असते, म्हणून वर जाते. चुलीचा धूर पाहिला तरी हे कळते. नायलॉनच्या फुग्याखाली गॅसचा बर्नर पेटवला की फुगा चढतो. माथ्यावरची झडप दोरीने उघडली की गरम हवा निघून जाते आणि तो उतरतो. परंतु डावीकडे-उजवीकडे वळवण्यासाठी त्याला सुकाणू नाही. वारा नेईल तिकडे जायचे. म्हणून उड्डाण बहुधा पहाटे, वारा शांत असताना करतात. ऊन तापले की जमिनीवरून हवेचे लोट उठू लागतात. वैमानिक आधी एक लहानसा फुगा सोडून वाऱ्याचा अंदाज घेतो. वारा जोराचा असेल किंवा जवळपास गडगडणारे ढग असतील, तर शहाणा वैमानिक त्या दिवशी उडत नाही.

असे का? कारण वादळी ढगातून थंड हवा जोराने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ती पावसाच्या आधी येते, कधी कधी कित्येक किलोमीटर पुढे येते. वळवाच्या आधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. आपल्याला त्याने बरे वाटते, पण फुग्याच्या वैमानिकाच्या पोटात गोळा येतो. २३ ऑगस्ट २०१२ रोजी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियानाजवळ ३२ माणसे असलेला फुगा खराब हवामानात सापडून कोसळला आणि पेटला. सहा जण दगावले. ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ फुगा विजेच्या तारांवर गेला आणि त्यातली सोळाही माणसे गेली. ढगांची अडचण होईल अशी सूचना त्या वैमानिकाला आधी मिळाली होती, हे चौकशीत उघड झाले. तरी तो उडाला.

आम्ही कारकून माणसे, जमा-खर्च लिहिण्यात आमचा जन्म गेला. वहीत बुडालेला रोज दिसतो, रद्द उड्डाणाचे परत केलेले पैसे दिसतात. पण जो अपघात घडलाच नाही, तो कोणत्याच खात्यात जमा होत नाही. त्यामुळे थांबणारा माणूस नेहमी भित्रा आणि तोट्यातला दिसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १७८३ साली फ्रान्समध्ये माणसाला प्रथम फुग्यातून पाठवायचे ठरले, तेव्हा राजाने सुचवले की आधी शिक्षा झालेले कैदी पाठवा. धोका कोणाच्या गळ्यात बांधायचा, हे वरचा माणूस असेच ठरवत आला आहे. ढगाखाली वाफा उरकायला सांगणारा मुकादम काही वेगळे करत नव्हता.

म्हणून माता-भगिनींनो, वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. हत्यार ठेवा आणि पक्के घर गाठा. झाडाखाली किंवा उघड्या शेडात थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. टोळीत कोणाकडे मोबाईल असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप त्यात घ्या. विजेची सूचना त्यावर मिळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीला आणि त्या चौघींना घेऊन शेतमालकाकडे गेलो. कापलेली हजेरी काही परत मिळाली नाही. पण यापुढे गडगडले की काम थांबेल आणि त्याबद्दल हजेरी कापली जाणार नाही, एवढे त्याने सगळ्या टोळीसमोर कबूल केले. एकटी मावशी बोलली असती तर ते झाले नसते. काम ठरवतानाच ही अट सर्वांनी मिळून घाला.

मावशी, तुझे चुकले नाही. ढग पुढे गेले, हे त्या दिवशीचे नशीब होते. तू विळा खाली ठेवलास, ते तुझे शहाणपण होते.