पावतीविना दंड

उदगीरहून बिदरकडे, उमरग्याहून हुमनाबादकडे किंवा अक्कलकोटहून आळंदमार्गे कलबुर्गीकडे जाणाऱ्या दुचाकीस्वारास वाहतूक शिपायाने अडवावे, गाडीची किल्ली काढून घ्यावी, परवाना उलटसुलट करून पाहावा आणि अखेरीस "चलान फाडूं तो पांचसौ होते, दो सौ देको जाव" असा खास दखनी थाटात सौदा मांडावा, हा प्रकार इकडे इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी संतापणाराच अव्यवहारी ठरतो. या मामुलाच्या समर्थनार्थ शहाणीसुरती माणसे जी कारणे पुढे करतात, त्यांचा परामर्श घेणे म्हणूनच अवश्य आहे.

कोणी म्हणतात, हा मराठी माणसावरील जुलूम आहे. महाराष्ट्राची पाटी दिसली की शिट्टी वाजते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा मुंबई राज्याच्या, पुढे महाराष्ट्राच्या, वाट्यास गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले, ही सल आम्हांसही आहे. परंतु घरात मराठीच बोलणाऱ्या भालकीकराची केए-३९ पाटीची गाडी महाराष्ट्रात शिरली की मराठी शिपाईही तितक्याच तत्परतेने हात दाखवतो, त्याचे काय? पाटी परकी म्हणजे मालकाला घाई आणि ओळखीचे कोणी नाही, एवढाच त्यामागील हिशेब. दुसरे निजामी अमदानीतील करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यांचा दाखला देतात. ते नाके उठले, फसली साल दप्तरातून गेले. चिरीमिरी तेवढी वडिलोपार्जित इस्टेट म्हणून जतन करावयाची काय? तिसरे तुटपुंज्या पगाराचे कारण देतात. त्याचा इलाज सरकारने करावयाचा असतो, वाटसरूच्या खिशाने नव्हे.

खरा युक्तिवाद निराळाच आहे, आणि तो मोहक आहे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड ठरविला, कर्नाटक सरकारने तो लोकक्षोभामुळे ५०० वर आणला. मग शिपायास दोनशे मिळाले, स्वाराचे तीनशे वाचले, तर बिघडले कोणाचे? बिघडले ते असे की, बोडक्या डोक्याचा तो स्वार तसाच भरधाव मालट्रकांच्या महामार्गावर गेला, आणि त्याच्यामागून तुरीचे कट्टे घेऊन कलबुर्गीच्या बाजारास निघालेल्या, सर्व कागद चोख असलेल्या टेम्पोवाल्यासही "कुछ तो देव" म्हणावयाचा धीर शिपायास आला. आपण स्वस्तात सुटतो तेव्हा दुसऱ्याचा भाव ठरवून जातो.

दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याच्या कोठारातील धान्याचे मोल चुकते करण्यास विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठल याच बिदरच्या दरबारी आला आणि रसीद घेतल्यावाचून परतला नाही. देवाने जी दक्षता घेतली ती आपणांस जड का जावी? चूक असेल तर पुरता दंड भरावा व पावती मागावी. चूक नसेल तर कागद दाखवावेत, डिजिलॉकरमधील परवानाही २०१८ पासून नियमानेच ग्राह्य आहे. याउपर कोणी अडून बसलाच तर छातीवरील नावाची पट्टी वाचून ठेवावी आणि लोकायुक्तांकडे जावे. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने लाचलुचपत प्रतिबंधक दल बरखास्त करून तपासाचा अधिकार पुन्हा त्यांच्याकडे सोपविला आहे. लाच देणाराही २०१८ च्या दुरुस्तीपासून सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. दडपणाखाली दिली असल्यास सात दिवसांच्या आत कळविणाऱ्यास मात्र अभय आहे. आठव्या दिवशी ते उरत नाही.