त्रिकास्थी : कण्याच्या पायथ्याचे हाड

पाय घसरून कोणी दाणकन खाली बसले, की आपल्या घरांतून एकच शब्द उच्चारला जातो : माकडहाड. शेकण्याची पिशवी येते, लेप येतो आणि 'चार दिवसांत बरे वाटेल' असा दिलासाही येतो. बहुधा तसे वाटतेही. माकडहाड म्हणजे कण्याचे अगदी शेवटचे टोक. ते दुखावले तर मऊ बैठक, वेदनाशामक औषध आणि सबुरी यांवर भागते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. (ग्रीकांना या हाडात कुक्कू पक्ष्याची चोच दिसली, आपल्याला माकडाचे शेपूट दिसले. ज्याची त्याची दृष्टी!) आम्हांस आज लिहावयाचे आहे ते त्याच्या लगेच वर असणाऱ्या हाडाविषयी. तेथील अस्थिभंग ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला माकडहाडाच्या दुखण्यात जमा करणे महागात पडते.

या हाडाचे नाव त्रिकास्थी. सुश्रुताने श्रोणीतील हाडे मोजताना त्रिकाचे एक हाड वेगळे सांगितले आहे. लॅटिन नावाचा अर्थ 'पवित्र हाड' असा आहे. ते पवित्र का, यावर पंडितांचे एकमत नाही. लहानपणी हे पाच सुटे मणके असतात. पंचविशीच्या सुमारास ते जुळून एक त्रिकोणी हाड होते. कमरेच्या दोन रुंद हाडांमध्ये ते कमानीतल्या मधल्या दगडासारखे पक्के बसलेले असते. धडाचा सारा भार येथून दोन पायांत वाटला जातो. मज्जारज्जू स्वतः बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली मज्जातंतूंची जुडी या हाडाच्या पोकळीत उतरते आणि दोन्ही बाजूंच्या चार-चार छिद्रांतून बाहेर पडते. यांतील दुसऱ्या ते चौथ्या जोडीच्या तंतूंकडे लघवी आणि शौच यांच्या नियंत्रणाचे काम असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजते.

हे हाड मोडते कसे? तरुणपणी ते सहजासहजी मोडत नाही. उंचावरून पडणे किंवा वाहनाचा जबर अपघात लागतो. वार्धक्यात मात्र हाडे विरळ झालेली असतात, आणि मोरीत बसल्या-बसल्या घसरणेही पुरते. कित्येकदा पडल्याचे आठवतसुद्धा नाही. 1982 साली एका अमेरिकन वैद्याने अशा वृद्ध रुग्णांचे वर्णन करून या दुखण्याकडे लक्ष वेधले. तोवर अशा आजींची पाठदुखी वयाच्या खाती मांडली जात असे. आजही पुष्कळ घरांत ती तशीच मांडली जाते.

त्यात हे हाड लपण्यात पटाईत. ते वक्र आहे आणि त्याच्यापुढे आतड्यांतील वायू असतो. त्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात भेग पुष्कळदा दिसतच नाही. 'फोटोत काही नाही' याचा अर्थ 'हाडात काही नाही' असा नव्हे. दुखणे हटत नसेल तर सी.टी. स्कॅन करून घ्यावा लागतो. वृद्धांतील बारीक भेग एम.आर.आय.मध्ये अधिक चांगली दिसते.

1988 साली डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकास्थीच्या 236 अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भेग छिद्रांच्या बाहेरच्या पंखात असेल तर मज्जातंतूंना इजा शंभरात सुमारे सहा जणांना. छिद्रांतून गेली असेल तर सुमारे अठ्ठावीस जणांना. आणि मधल्या पोकळीत शिरली असेल तर निम्म्याहून अधिकांना. म्हणजे भेग किती मोठी यापेक्षा ती कोठून गेली याला महत्त्व आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पावसाळ्यापूर्वी कौले शाकारताना छपरावरून पडले. टाच मोडली होती, तिला प्लास्टर झाले. कंबर दुखते, असे ते म्हणाले. पण बैठकीचा भाग बधिर झाला आहे आणि लघवी कळत नाही, हे त्यांनी तीन दिवस कोणास सांगितले नाही. सुना-मुलींच्या घरात असले कसे बोलावे? चौथ्या दिवशी अंथरूण ओले झाले तेव्हा सर्व उलगडले. शस्त्रक्रिया झाली, ते चालू लागले. लघवीवरचा ताबा मात्र वर्षभरानंतरही अर्धाच परत आला होता. आधी सांगते तर पूर्ण परत येता, असे कोणी छातीठोक म्हणू शकणार नाही. दबलेल्या तंतूंचा भरवसा नसतो. पण वैद्याला तीन दिवस आधी कळले असते, हे तर खरे. पडलेल्या माणसाला 'लघवी समजते ना? बसावयाची जागा बधिर नाही ना?' हे दोन प्रश्न घरच्यांनीच स्पष्ट शब्दांत विचारावेत. यांतल्या एकाचेही उत्तर वाईट आले तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, इस्पितळ गाठावे.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही. हाड जागचे हलले नसेल आणि तंतू सुरक्षित असतील तर औषध आणि आधाराने चालणे पुरते. हाड सरकले असेल किंवा श्रोणीचे कडे दोन ठिकाणी तुटून ढिले झाले असेल, तर ते स्क्रूने बांधतात. नितंबाच्या बाजूस लहानसा छेद घेऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, कमरेच्या हाडातून त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्यात एक तार घालतात आणि तिच्यावरून सुमारे सात मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू फिरवतात. वाट अरुंद असते. पुढून एक मज्जातंतू जातो आणि खाली छिद्रे असतात. म्हणून सर्जन प्रत्येक टप्प्यावर तीन निरनिराळ्या कोनांतून पाहून घेतो. उंचावरून पडलेल्यांत कधी कधी कणाच श्रोणीपासून सुटल्यासारखा होतो. तेथे कमरेच्या खालच्या मणक्यांपासून श्रोणीच्या हाडांपर्यंत दांडे बसवून सांधा बांधावा लागतो, आणि तंतूंवर रुतलेले हाडाचे तुकडे काढावे लागतात. वृद्धांच्या असह्य वेदनेवर, स्कॅनमध्ये पाहत भेगेत सुईने हाडांचे सिमेंट भरण्याचाही एक उपाय आहे. सिमेंट पाझरून तंतूंना लागण्याचा धोका त्यात असतो, तेव्हा तो अनुभवी हातांनीच व्हावा.

'या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे' असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक घरात असतात. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण पडून राहणे हीदेखील निरुपद्रवी गोष्ट नव्हे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला व्रण पडतात, छातीत कफ साचतो. स्क्रू घातल्याने हाड लवकर जुळते असे नाही. त्याला आपला वेळ लागतोच. रुग्णाला लवकर उठून बसता यावे, हाच त्याचा मोठा उपयोग. निर्णय अर्थात रुग्णाचे हृदय, रक्तदाब आणि हाडाची अवस्था पाहून व्हावयाचा.

शस्त्रक्रियेनंतर मोडलेल्या बाजूच्या पायावर साधारणपणे सहा ते बारा आठवडे पूर्ण भार देत नाहीत. वॉकर घेऊन चालवतात. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसणे काही काळ बंद. उंच खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवावा. स्क्रू बहुधा आतच राहू देतात. लघवीचा ताबा नसेल त्याला नळी स्वतः घालण्या-काढण्याची रीत परिचारिका शिकवतात, आणि ती शिकलेला माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो.