विमा कोणाचा, हा प्रश्नच चुकीचा आहे

१/ विम्याचा इतिहास निघाला की आपण एकच भांडण उगाळतो : १९५६चे राष्ट्रीयीकरण श्रेष्ठ की १९९९चे खुलीकरण? हा वाद मालकीचा आहे. धारणीच्या ग्राहकाचा प्रश्न निराळा : ज्या कागदावर मी अंगठा उमटवतो, त्यात लिहिले आहे काय?

२/ कायद्याने प्रथम पाहिली ती कंपनीची तिजोरी. १९१२चा आयुर्विमा कंपन्यांचा कायदा आणि १९३८चा विमा कायदा यांनी हिशेब व ठेवींवर नजर बसवली. तरीही कंपन्या बुडत राहिल्या.

३/ १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात वटहुकूम निघाला. १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्यांचा कारभार १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळाकडे गेला.

४/ सरकारी मालकी म्हणजेच सुरक्षा, असे मानणाऱ्यांनी मुंदडा प्रकरण आठवावे. १९५७त महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये एका उद्योगपतीच्या डबघाईच्या कंपन्यांत गुंतवले गेले. न्यायमूर्ती छागलांच्या चौकशीनंतर १९५८त अर्थमंत्री कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

५/ स्पर्धा म्हणजेच सुरक्षा, असे मानणाऱ्यांनाही उत्तर आहे. बाजार खुला होताच २००२त विमा प्राधिकरणाला पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे विनियम करावे लागले. अर्ज दुसऱ्याने भरला, तर ग्राहकाला मजकूर समजला असल्याचा दाखला हवा, असे त्यांत होते.

६/ त्याच विनियमांत भाषेची तरतूद होती : कागदपत्रे संविधानमान्य भाषांत ‘देता येतील’. ‘द्यावीत’ नव्हे! आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत; मेळघाटची कोरकू त्यांत नाही. तिच्याच मुंडा कुळातील संथाली २००३च्या घटनादुरुस्तीने आत आली. कोरकू उंबऱ्याबाहेरच राहिली.

७/ ‘न वाचता सही करूच नये’ हा उपदेश वाचता येणाऱ्याचा आहे. अर्ज पुष्कळदा विक्रेताच भरतो, आणि त्याचे कमिशन विक्रीवर ठरते. समजावल्याची ग्वाही त्यानेच द्यायची, तर तिला पुरावा कसे म्हणावे?

८/ हक्क आहेत, हे खरे. २०१५च्या दुरुस्तीनंतर कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनी कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. २०२४पासून पॉलिसी हाती पडल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. विमा लोकपाल शुल्क घेत नाही, वकीलही लागत नाही. पण धारणीसाठी तो बसतो पुण्यात, आणि ३० दिवस उपयोगाचे त्यालाच, ज्याला कागद कळला.

९/ म्हणून मागणी एकच : विक्री ज्या बोलीत झाली, त्याच बोलीत अटींचे ध्वनिमुद्रण सक्तीचे करावे. ते नसेल, तर ग्राहकाला समजले होते हे कंपनीने सिद्ध करावे. १९१२पासून आपण तिजोरी तपासत आलो. आता विक्रेत्याचे शब्द तपासावेत.